एक प्रश्न फुलपात्रभर, एक आंघोळ पंचवीस बादल्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वीज’. विषय मोठा, वेळ अर्ध्या तासाची आणि त्यानंतर मसाले दूध आहे हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी विषय लहान करून घेतो. मोबाइलवरच्या चॅटबॉटला आपण एक प्रश्न विचारतो, तेव्हा किती वीज लागते? आणि ती वीज आपल्या घरातल्या रोजच्या कामांच्या शेजारी ठेवली, तर ती कुठे बसते? एवढंच आज बघू.

हा हिशेब मांडावासा वाटला त्याला कारण आहे. आपल्या ग्रुपवर गेल्या काही महिन्यांत एक संदेश तीन-चार वेळा फिरला. ‘एआयला एक प्रश्न विचारलात की अर्धा लिटर पाणी वाया जातं, जागे व्हा.’ खाली जोडलेले हात आणि रडके चेहरे. संदेश वाचून आपल्याच एका भगिनीने दहावीतल्या मुलीला सांगितलं, ‘बाळा, आता पुरे ते विचारणं. तिकडे जतला, आटपाडीला लोक पाण्यासाठी किती वर्षं तरसले, आणि आपण असं उधळायचं?’ मुलगी रात्री मराठीतून विज्ञानाच्या शंका विचारत होती. प्रकाशाचं अपवर्तन, भिंग, चष्म्याचा नंबर, असलं काहीतरी. ते बंद झालं. आईची भावना सोन्यासारखी आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण त्याच आठवड्यात आपली वरची टाकी भरून पंधरा मिनिटं वाहत होती, खाली पार्किंगमध्ये ओहोळ झाला होता, आणि त्यावर ग्रुपवर एक अक्षर कुणी लिहिलं नाही. माझं आजचं सगळं भाषण या दोन गोष्टींच्या मधल्या जागेबद्दल आहे.

आधी मापं पक्की करू. आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवताना पहिल्या दिवशी जे सांगायचो, तेच सांगतो. वॉट म्हणजे उपकरणाची भूक. दहा वॉटचा दिवा एक तास जळला की दहा वॉट-तास वीज गेली. असे हजार वॉट-तास झाले की एक युनिट. बिलावर छापलेलं युनिट ते हेच. मोठी भूक थोडा वेळ, किंवा लहान भूक खूप वेळ. बिल दोन्हींचं येतं. मुलं नेहमी मोठ्या उपकरणाकडे बघायची आणि वेळ विसरायची. आपणही तेच करतो.

पण वॉट-तास डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून आज आपण वीज मोजायला आपल्याच भागातलं एक माप घेऊ. ते म्हणजे कोयनेचं पाणी.

सातारा जिल्ह्यातल्या लोकांना हे सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. त्याच्या मागे शिवसागर जलाशय, साठवण साधारण १०५ टीएमसी. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेतात आणि खाली पोफळीला जनित्रांवर सोडतात. मधला उतार सुमारे पावणेपाचशे मीटर. म्हणजे दीडशे मजली इमारतीवरून पाणी खाली आल्यासारखं. सगळे टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. आपली संस्था उभी राहत होती, साधारण त्याच सुमाराला त्याचा चौथा टप्पा सुरू होत होता. १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा उघडला, ते ‘लेक टॅपिंग’ आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

आता गणित करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते पावणेपाचशे मीटर खाली आलं की त्यातून सुमारे ४,६५० ज्यूल ऊर्जा मिळते. ३,६०० ज्यूल म्हणजे एक वॉट-तास. म्हणजे एका लिटरमागे जवळजवळ १.३ वॉट-तास. त्यातून जनित्रातली घट, तारांमधली घट वजा करा. घरापर्यंत हातात राहतो साधारण एक वॉट-तास. तेच पाणी पुढे कोळकेवाडीहून अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज देतं, ते आपण सोडून देऊ. हिशेब सोपा ठेवू: कोयनेचं एक लिटर म्हणजे एक वॉट-तास. एक हजार लिटरची काळी टाकी म्हणजे एक युनिट. बिलावर १५० युनिट दिसले की समजायचं, दीडशे काळ्या टाक्या.

दोन खुलासे लगेच करतो, नाहीतर प्रश्नोत्तरात मला कुणीतरी धरेल. पहिला, आपल्या घरात येणारी सगळी वीज कोयनेची नसते. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची आहे. एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. कोयनेचं पाणी हे आज आपलं फक्त मापटं आहे. दुसरा, जनित्र फिरवल्याने पाणी संपत नाही. पण पोफळीला उतरलेलं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला जातं. कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीला येणाऱ्या पाण्यात ते नसतं. म्हणून तर कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पाऊस कमी झालेल्या वर्षी ‘कोयनेतून पाणी सोडा’ अशी मागणी सांगलीत होते, तेव्हा प्रश्न हाच असतो: हे पाणी विजेला की शेताला? तेव्हा हे मापटं आपल्याला परकं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चॅटबॉटला एक साधा लेखी प्रश्न विचारला तर किती?

बरीच वर्षं कंपन्या तोंड उघडत नव्हत्या. २०२३ मध्ये एका संशोधकाचा अंदाज आला तो सुमारे तीन वॉट-तासांचा होता. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘इपॉक एआय’ या संस्थेने नव्याने हिशेब करून आकडा सुमारे ०.३ वॉट-तासांवर आणला. जूनमध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी चॅटजीपीटीच्या सरासरी प्रश्नासाठी ०.३४ वॉट-तास असं लिहिलं. ऑगस्टमध्ये गूगलने जेमिनीच्या मधल्या, म्हणजे ना फार लहान ना फार मोठ्या, लेखी प्रश्नासाठी ०.२४ वॉट-तास आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, म्हणजे पाचेक थेंब, असा आकडा जाहीर केला. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. आपण सोयीसाठी ०.३ धरू.

आपल्या मापट्याने ०.३ वॉट-तास म्हणजे कोयनेचं ३०० मिलिलिटर पाणी. म्हणजे देवघरातलं एक फुलपात्र, जरा शिगोशिग भरलेलं.

आता घरात फिरून येऊ. मी आकडे सांगतो, तुम्ही मनात फुलपात्रं मोजा.

जिन्यातला नऊ वॉटचा एलईडी दिवा दोन मिनिटं जळला की एक प्रश्न.

छताचा जुना पंखा ७५ वॉटचा. चौदा-पंधरा सेकंद फिरला की एक प्रश्न. तासभर फिरला की अडीचशे प्रश्न. आपण खोलीतून उठून बाल्कनीत गप्पा मारायला जातो आणि पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालत बसतो, ते अडीचशे प्रश्न.

एक कप चहा. दीडशे मिलिलिटर पाणी उकळीला आणायला तेरा वॉट-तास उष्णता लागते. गॅसवर थोडी उष्णता भांड्याच्या बाहेरून जातेच, ती धरलेली नाही. तरीही चाळीसेक प्रश्न. म्हणजे मुलीने रात्री चाळीस शंका विचारल्या, तर वडिलांच्या एका जादा चहाएवढं झालं.

मिक्सर ७५० वॉटचा. शेंगदाण्याची चटणी दोन मिनिटं फिरवली की पंचवीस वॉट-तास, म्हणजे ऐंशीच्या वर प्रश्न.

मोबाइल पूर्ण चार्ज करायला साधारण वीस वॉट-तास. म्हणजे पासष्ट प्रश्न. बघा, ज्या फोनवरून प्रश्न विचारतो, त्या फोनची बॅटरीच प्रश्नांपेक्षा जास्त खाते.

सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बंद केला, पण डब्यावरचा लाल दिवा चालूच. दहा वॉट धरले तरी चोवीस तासांत २४० वॉट-तास. रोज आठशे प्रश्न, आणि त्याबदल्यात करमणूक शून्य.

स्कूटर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. पन्नास किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर एका किलोमीटरला १८० वॉट-तास. कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा मंडईत गेलो, जाऊन-येऊन दोन किलोमीटर झाले, की बाराशे प्रश्न.

आणि आता आंघोळ. वीस लिटरची बादली. नळाचं पाणी २५ अंशांचं, आपल्याला हवं ४५ चं. वीस लिटर, वीस अंश. याला ४६५ वॉट-तास उष्णता लागते. गीझरची, पाइपची घट धरून पाचशे, म्हणजे अर्धं युनिट. सोळाशेहून जास्त प्रश्न. कोयनेच्या मापाने पाचशे लिटर. एक बादली गरम करायला वर धरणातून पंचवीस बादल्या पोफळीला उतरतात. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असायचा, त्यात किती जळण गेलं ते डोळ्यांना दिसायचं. ढलप्या आणायला आपल्यालाच पाठवायचे. गीझरने कष्ट वाचवले, पण जळण नजरेआड केलं.

त्यात आपण सगळे सकाळी सहा ते नऊ या वेळातच आंघोळी उरकतो. विजेची मागणी एकदम चढते ती सकाळी आणि संध्याकाळी. कोळशाचं केंद्र एवढ्या झटपट कमी-जास्त करता येत नाही. कोयनेची जनित्रं काही मिनिटांत चालू होतात, म्हणून अशा वेळी ती कामाला लागतात. तेव्हा सकाळच्या आंघोळीचं आणि कोयनेचं नातं नुसतं मापट्यापुरतं नाही.

वर्षाचा हिशेब करू. एखादा विद्यार्थी रोज पन्नास प्रश्न विचारतो असं धरा. वर्षाला साडेपाच युनिट. त्याच विद्यार्थ्याची रोजची एक गरम बादली वर्षाला १८० युनिट. आता सांगा, त्याला काय कमी करायला सांगायचं?

कुणी म्हणेल, कंपन्यांच्या आकड्यांवर विश्वास कशाला ठेवायचा? बरोबर आहे. गूगलच्या आकड्यात थंड ठेवायची यंत्रणा आणि नुसती तयार उभी असलेली यंत्रं धरली आहेत. पण ती बुद्धी घडवताना आधी लागलेली वीज धरलेली नाही, आपल्यापर्यंत येणारं इंटरनेटचं जाळंही नाही. ऑल्टमन यांनी तर आकडा दिला, हिशेब दाखवला नाही. म्हणून आपण जुना, दहापट मोठा, तीन वॉट-तासांचाच आकडा धरून बघू. तरी एका गरम बादलीत दीडशेच्या वर प्रश्न बसतात. शंका घ्यावी, आणि शंका घेऊन पुन्हा मोजावं. मोजल्यावर उत्तर तेच आलं तर मग मान्य करावं.

आणि ते ‘अर्धा लिटर पाणी’? ते आभाळातून पडलेलं नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांच्या अभ्यासात होतं, की जीपीटी-३ ची दहा ते पन्नास उत्तरं मिळून अर्धा लिटर पाणी. त्यात यंत्रं थंड करायचं पाणी होतं, वीज तयार करताना वाफ होऊन उडणारं पाणीही होतं. ठिकाण आणि हवामान यांप्रमाणे आकडा बदलतो, हेही त्यांनी सांगितलं होतं. संदेश फिरता फिरता ‘दहा ते पन्नास’ गळून पडलं, ‘ठिकाणाप्रमाणे’ गळून पडलं, आणि उरला एक प्रश्न, अर्धा लिटर. गावातल्या बातमीचं होतं तेच झालं. पुलाखाली पाणी आलं म्हणणाऱ्याचा निरोप स्टँडवर पोचेपर्यंत पूल वाहून गेलेला असतो.

इथे भाषण संपवलं तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. ‘एक प्रश्न म्हणजे फुलपात्र’ हे खरं आहे, आणि ते ऐकून निर्धास्त होणं हेही चुकीचं आहे. कारण तीन आहेत.

पहिलं, सगळे प्रश्न सारखे नसतात. साधं लेखी उत्तर वेगळं, यंत्राला बराच वेळ ‘विचार’ करायला लावणारं उत्तर वेगळं. त्याला कितीतरी पट वीज लागते. आणि व्हिडिओ तर फारच वेगळा. २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने केलेल्या मोजणीत एका खुल्या प्रणालीला पाच सेकंदांचा एक व्हिडिओ तयार करायला ३४ लाख ज्यूल लागले. म्हणजे जवळजवळ एक युनिट. कोयनेची एक आख्खी काळी टाकी. सगळ्या प्रणाली इतक्या खादाड नसतील. पण शुभ सकाळच्या संदेशात गणपती बाप्पा ढोल वाजवतायत आणि मागे कासचं पठार फुललंय, असा व्हिडिओ रोज नवा बनवून टाकणाऱ्या आपल्या बंधूंनी एवढं ध्यानात ठेवावं. तिथे हिशेब फुलपात्राचा राहत नाही. बाप्पांचा साधा फोटोही तितकाच पावतो.

दुसरं, बुद्धी घडवायला लागणारी वीज. जीपीटी-३ घडवताना सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट लागली, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महिना शंभर युनिट वापरणारी घरं धरली, तर हजाराहून जास्त कुटुंबांची वर्षभराची वीज. त्यानंतरच्या प्रणाली आणखी मोठ्या आहेत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेरीज. २०२५ च्या जुलैमध्ये ओपनएआयने सांगितलं, चॅटजीपीटीला रोज अडीचशे कोटी प्रश्न येतात. गुणिले ०.३४ करा. रोज साडेआठ लाख युनिट. कोयनेचे सगळे टप्पे पूर्ण जोराने चालवले तर सव्वीस मिनिटांची वीज. एका कंपनीची, एका दिवसाची. फुलपात्राफुलपात्राने धरण रिकामं होतं ते असं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्ज होईल असा त्यांचा अंदाज आहे. कोयना वर्षाला देते सुमारे तीन अब्ज. म्हणजे पाच-सहा वर्षांत नुसती वाढच पावणेदोनशे कोयनांएवढी. यातलं सगळं एआयचं नाही. आपले फोटो, यूपीआयने दिलेले भाजीचे पैसे, रेल्वेचं तिकीट, रात्री बघितलेली मालिका, सगळं त्यातच. पण वाढीचा मोठा जोर एआयचा आहे.

ही डेटा सेंटर सगळी साता समुद्रापलीकडे आहेत असंही नाही. देशातला त्यांचा सगळ्यात मोठा जमाव मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, महापे, पनवेल. आपली मुलं तिथे नोकरीला आहेत. उद्या तिथल्या विजेची मागणी वाढली की ती राज्याच्या त्याच जाळ्यावर येणार, ज्यावर आपला पंप आणि शेतकऱ्याची मोटर आहे. आणि मोटर म्हटलं की टेंभू, ताकारी, म्हैसाळ आलंच. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत चढवायचं तर वीज लागते. त्या विजेच्या बिलावरून किती वेळा गाडं अडलं, हे सांगलीकरांना मी सांगावं असं नाही. तेव्हा ही वीज कुठून येणार, किती लागणार, पाणी कुठलं घेणार, हे कंपन्यांनी आकड्यांनिशी सांगावं आणि सरकारने ते मागावं, असं नागरिक म्हणून आपण म्हटलंच पाहिजे. कोयनेच्या पाण्याचे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात, मग डेटा सेंटरच्या विजेचे का नकोत?

यंत्रं सुधारतील, वीज कमी लागेल, असंही सांगतात. खरं आहे. गूगल म्हणते, एका प्रश्नाची वीज वर्षभरात ३३ पट कमी झाली. पण आपल्या घरात एलईडी आले तेव्हा काय झालं ते आठवा. साठ वॉटचा पिवळा दिवा होता तेव्हा आई खोलीतून बाहेर पडताना हमखास बंद करायची. नऊ वॉटचा आला आणि आपण म्हणायला लागलो, राहू दे, त्याला काय लागतंय. स्वस्त झालं की हात सैल होतो. फुलपात्र लहान झालं म्हणून कुणी कमी पाणी पितं असं नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. ज्या गोष्टीची चावी आपल्या हातात आहे, तिथे हात घालावा. ज्या गोष्टीची चावी दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे त्याला जाब विचारावा. आपण नेमकं उलटं करतो. मुलीचा प्रश्न बंद करतो आणि टाकी वाहू देतो.

टाकीचाच हिशेब सांगून आटोपतं घेतो. आपला पंप पाच अश्वशक्तीचा आहे. चालू असताना साडेचार किलोवॉटच्या आसपास खेचतो. पंधरा मिनिटं टाकी वाहिली, म्हणजे सव्वा युनिटाहून थोडी कमी वीज. साडेतीन हजारांहून जास्त प्रश्न. दहावीची मुलगी रोज दहा शंका विचारत असेल, तर तिला ते वर्षभर पुरतील. ती दहावी पास होईल, पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत विचारून होईल, आणि तरी आपण एका सकाळी पार्किंगमध्ये सांडलेलं तिचं तिला पूर्ण वापरता येणार नाही. आणि सांडलेलं पिण्याचं पाणी या हिशेबात धरलेलंच नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीपुढे चार सूचना ठेवतो.

एक. पंपाला टाकी भरताच आपोआप बंद करणारं यंत्र बसवावं. वॉचमनने शिट्टी ऐकून धावत यायचं, ही पद्धत पंचवीस वर्षं चालली, आता तिला निवृत्त करू.

दोन. जिना, लिफ्ट आणि पंप यांच्या सामाईक मीटरचं वाचन दर महिन्याच्या एक तारखेला सूचना फलकावर लिहावं. बिलाची रक्कम नको, युनिट लिहा. रक्कम दराप्रमाणे हलते, युनिट खोटं बोलत नाही.

तीन. गच्चीवर सौर वीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी दर किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. कोयनेच्या तालुक्यातल्या एका वाडीला जमलं, ते आपल्या पाच मजल्यांना का जमू नये? आणि ज्यांच्या गच्चीचा वाटा मोकळा आहे त्यांनी पाणी तापवायचा सौर संच बघावा. सगळ्यात मोठी बादली तिथेच आहे.

चार. ज्यांचा पंखा जुना झालाय त्यांनी बदलताना तीस वॉटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा घ्यावा. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटाहून जास्त वाचतं. म्हणजे एक गरम बादली फुकट.

मुलांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. बाळांनो, विचारा. मोकळ्या मनाने विचारा. शंका आली की विचारा, उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारा, आणि ते पुस्तकाशी, बाईंशी, गुरुजींशी ताडून बघा, कारण ते यंत्र आत्मविश्वासाने चुकीचंही सांगतं. गृहपाठ आयता उतरवून घेऊ नका. त्यात विजेपेक्षा तुमचं नुकसान जास्त आहे. वेळ घालवायला व्हिडिओवर व्हिडिओ बनवू नका. पण ‘माझ्या प्रश्नामुळे कुणाचं पाणी तुटलं’ असा अपराध मनात ठेवू नका. तुमचा प्रश्न फुलपात्रभर आहे. तेवढं पाणी आपण दारात आलेल्या कुणालाही विचार न करता देतो.

आणि मोठ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी ग्रुपवर असा संदेश आला की पुढे ढकलण्याआधी एकदा खाली मीटरपाशी जाऊन या. कागद-पेन्सिल मी देतो. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, चार सूचनांपैकी पहिल्या दोनना खर्च फारसा नाही. त्या तिथेच मंजूर करून घेऊ, तिसरीसाठी दरपत्रकं मागवू. अनुमोदन कोण देतंय तेवढं दूध पिता पिता सांगा.



जय हिंद, जय महाराष्ट्र!